पेशंट तुमच्या पोर्टफोलिओत कसे?

सोसायटीची वेबसाइट करायची म्हणून गेल्या महिन्यात आम्ही एका तरुण डेव्हलपरला बोलावलं. मुलगा हुशार. लॅपटॉप उघडून त्याने केलेली कामं दाखवली. एक मिठाईचं दुकान, एक क्लास, आणि मग एका दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं पान. पानावर अकरा पेशंटांची नावं, मोबाइल नंबर, आणि शेवटच्या रकान्यात येण्याचं कारण. एका बाईंच्या नावापुढे ‘वंध्यत्व तपासणी’ असं होतं. कमिटीतल्या पाच जणांनी ते वाचलं.

‘‘डॉक्टरांना विचारूनच टाकलंय, काका,’’ तो म्हणाला.

आणि त्या बाईंना कोणी विचारलं?

डिझाइन, दर, धंद्यातल्या खुब्या ही क्लायंटची गुपितं. ती दाखवायची परवानगी क्लायंट देऊ शकतो. पण त्याच्या रजिस्टरमधली माणसं ही त्याची मालमत्ता नाही. दवाखान्यात आपण नाव आणि दुखणं सांगतो ते औषधासाठी, कोणाच्या पुढच्या कामाची जाहिरात व्हावी म्हणून नाही. डॉक्टरांचा होकार तिथे अपुरा आहे.

नावं धूसर केली की भागलं, असं बरेच जण मानतात. भागत नाही. मोझेकच्या चौकटींमागची अक्षरं जुळवून काढणारं एक साधन २०२२ मध्येच सर्वांसाठी खुलं झालं. शिवाय स्क्रीनशॉटच्या वर अ‍ॅड्रेस बार असतो, शेजारी उघडे टॅब असतात. तिकडे कोणाचं लक्षच जात नाही.

कोड दाखवणं तर त्याहून जोखमीचं. टोयोटाच्या टी-कनेक्ट सेवेची वेबसाइट बनवणाऱ्या कंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये सोर्स कोडचा काही भाग गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर चढवला आणि तो चुकून सर्वांसाठी खुला राहिला. त्या कोडमध्येच ग्राहकांची माहिती ठेवलेल्या सर्व्हरची किल्ली होती. हे ध्यानात आलं सप्टेंबर २०२२ मध्ये. तोवर २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते कोणालाही पाहता येतील अशा स्थितीत होते. अशी फाइल नंतर नुसती डिलीट करून उपयोग नसतो, गिटच्या इतिहासात ती तशीच राहते. किल्लीच बदलावी लागते.

डॉक्टरांनीही हे वाचावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेव्हलपरच्या हातून झालेल्या चुकीचीही जबाबदारी ज्याने माहिती गोळा केली त्याच्यावर आहे. माहिती सुरक्षित ठेवली नाही तर दंडाची मर्यादा २५० कोटी रुपये.

मात्र दोष एकट्या पोरांचा नाही. पाच पानांच्या साइटसाठी कडक गुप्तता करार (एनडीए) लिहून घेणारे क्लायंट मी पाहिले आहेत. तीन वर्षं राबलेल्या पोराजवळ मग दाखवायला काहीच उरत नाही. हा अन्याय आहे. त्याला निदान एवढं म्हणू द्या की हे काम मी केलं, अडचण ही होती आणि ती मी अशी सोडवली. काय दाखवायचं ते कोटेशनमध्येच लिहून घ्या, काम संपल्यावर तोंडी नको. आणि पडद्यावर कायम बनावट नावं, बनावट नंबर. चार तासांचं काम आहे.

त्या मुलाने ते पान आमच्यासमोरच उतरवलं. दोन दिवसांनी तेच पान बनावट नावं घालून घेऊन आला. त्याच्या कामातली सफाई तेवढीच दिसत होती. साइटचं काम आम्ही त्यालाच दिलं.

त्या बाईंना मात्र यातलं काहीच ठाऊक नाही. डॉक्टरांनी त्यांना फोन करून सांगायला हवं.