खाच उभी, मी आडवा

आमच्या सोसायटीत माझ्याकडे पाना मागायला कोणी येत नाही. पाना नाही म्हणून नव्हे. आठपासून बावीस नंबरापर्यंतचा अख्खा संच आहे, डबीत ओळीनं लावलेला. पण पाना न्यायला आलेल्या माणसाला पान्यासोबत मीही मिळतो, हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्याच्या दुरुस्तीला मी न बोलावता हजर असतो. आणि शेजारीपाजारी काहीच बिघडलेलं नसलं, की घरातलं काहीतरी उघडून बसतो.

मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली आणि तिची एकवीस गिअरची माउंटन बाइक पार्किंगच्या खांबाला टेकून राहिली. पावसाळ्यात ती रीतसर गंजली. त्यात कोणाची तरी स्कूटर तिच्यावर रेलली आणि मागचा डेरेलर थेट तारांत घुसला. नवा डेरेलर, हँगर, शिफ्टर, केबली, असा जो आकडा दुकानात ऐकला, तो ऐकून मी तिथल्या तिथे वैराग्य पत्करलं. गिअरच नकोत! माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्मभर सायकलवर गेले. कारखान्याचा भोंगा झाला की गेटमधून जो सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, त्यातल्या एकीलाही गिअर नव्हता. वडिलांचं अडलं नाही, तर माझं कशाला अडेल?

अभ्यास सुरू केला. गिअरची सायकल एका गतीची करायची, तर डेरेलर काढावा लागतो. पण डेरेलर दोन कामं करतो. चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेतो, आणि खाली लोंबणाऱ्या आपल्या दोन चाकोल्यांनी चेनचा झोल खाऊन टाकतो. तो गेला की झोल खायला कोणी उरत नाही. म्हणून टेन्शनर नावाची, एका चाकोलीची दांडी बसवतात. स्वस्त असते, दहा मिनिटांत लागते. मी ती साफ नाकारली. चेनखाली पुन्हा एक चाकोली लोंबकळतच ठेवायची होती, तर बिचाऱ्या डेरेलरनं काय घोडं मारलं होतं? माझी सायकल वडिलांच्या सायकलीसारखी दिसायला हवी: पुढं एक दातेरी चाक, मागं एक दातेरी चाक, मधे सरळ ताणलेली चेन. बस्स.

इथं चेनचा स्वभाव सांगायला हवा. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डनं १८८० साली बुश आणि रोलरच्या चेनचं पेटंट घेतलं, त्याच घराण्यातली आपली आजची सायकलची चेन. तिच्या एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. एक कडी आतली, एक बाहेरची, अशी त्यांची जोडी, आणि काढायची तर जोडीनंच काढायची. म्हणजे चेन लहान-मोठी होणार ती एकेका इंचानं. पट्ट्याला इंचाइंचावर भोकं असावीत तसं हे आहे: एका भोकात पँट घसरते, पुढच्यात श्वास अडकतो.

ज्या सायकलीत मागच्या चाकाचा एक्सल बसायची फ्रेमची खाच आडवी असते, तिथं हा प्रश्न येत नाही. चाक थोडं मागे ओढायचं, नट आवळायचे, झालं. गिअरच्या सायकलीची खाच मात्र बहुधा उभी असते. चाक खालून वर जातं आणि एकाच जागी बसतं, मागे नाही, पुढे नाही. डेरेलर असताना हेच बरं, कारण झोल तो बघतो. त्याला घरी पाठवून वर टेन्शनरही नाकारणाऱ्या माणसाजवळ मग एकच आशा उरते: दात्यांची अशी एखादी जोडी सापडावी, की पूर्ण कड्यांची चेन त्या ठरलेल्या अंतरात आपोआप ताठ बसेल. या जोडीला जाणकार मंडळी जादूचा गिअर म्हणतात. पैशापैशाचा फरक शोधायला वर्षअखेरीच्या रात्री शाखेत जागलेल्या माणसाला एवढं आव्हान पुरेसं असतं.

सूत्रही सोपं आहे. दोन्ही दातेरी चाकांच्या मध्यांमधलं अंतर दुप्पट, त्यात दात्यांच्या बेरजेच्या निम्मे, आणि दात्यांच्या फरकातून निघणारी थोडी चिल्लर. सगळं अर्ध्या इंचाच्या मापात. मागे एक दाता वाढवला की चाकाच्या जागेत सुमारे तीन मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे दाते हाच आपला बारीक स्क्रू. पुढचं मधलं चाक ३२ दात्यांचं होतं, ते कायम धरलं. अंतर मोजायला बायकोच्या शिवणाच्या डब्यातला टेप घेतला. सव्वासतरा इंच भरलं. रात्री जेवणानंतर हिशेब मांडला. सोळा दाते जमेनात, सतराही जमेनात. अठरा दाते, चौऱ्याण्णव कड्या, आणि फरक जवळजवळ शून्य! मी टेबलावर हात आपटला. बायको म्हणाली, "अहो, हळू. वरचे लोक झोपलेत."

दुसऱ्या दिवशी अठरा दात्यांचं फ्रीव्हील आणि चेन विकत घेऊन पेठेतल्या नानांच्या दुकानी गेलो. दुकान म्हणजे एक फळी, हवेचा पंप, पंक्चरसाठी पाण्याचं घमेलं आणि छताला टांगलेल्या रिमा. जुनं फ्रीव्हील इतकं घट्ट बसलं होतं, की नानांनी त्याची चावी वाइसमध्ये पकडली, चाक तिच्यावर आडवं बसवलं आणि बसच्या स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी फिरवलं. कट्‌ असा आवाज आला. नवं फ्रीव्हील चढवलं, एक्सलवरचे वॉशर इकडचे तिकडे केले, चाकाचा आऊट काढला. चेन लावू का, असं त्यांनी विचारलं. "नको नाना, ते मी घरी करतो. गणित करून ठेवलंय," असं मी म्हणालो. नानांनी घमेल्यातल्या पाण्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत.

चेन तोडायच्या हत्याराला एक दांडी असते. ती फिरवली की पिन बाहेर सरकते. पिन पूर्ण काढायची नसते, बाहेरच्या पट्टीत टोक अडकेल एवढी ठेवायची असते. तशी ठेवली तर परत ढकलता येते. हे मी वाचलं होतं. पण दांडी फिरवताना हाताला जो एक मऊसूत भास होतो, तो फार मोहात पाडणारा. मी अर्धा फेरा जास्त दिला आणि पिन टण्‌कन फरशीवर पडून वॉशिंग मशीनखाली गेली. मशीन सरकवलं. मशीनमागे हरवलेले तीन मोजे सापडले, पिन सापडली नाही. शेवटी चेन-लॉक आणून तोंडं जोडली.

चेन चढवली आणि ती खालच्या बाजूला पाळणा बांधावा तशी लोंबली. चाक मागे ओढावं म्हणून नट सैल केले. खाच उभी, चाक हलेना. सूत्र परत मांडलं, बरोबर आलं. तिसऱ्यांदा मांडत होतो तेव्हा बायको डोकावली. "मोजलंत कशानं?" मी टेप दाखवला. "अहो, त्याचा पहिला अर्धा इंच कधीच तुटलाय. मी पत्रा परत टाचलाय पुढे. दर वेळी अर्धा इंच वजा करते मी! नाहीतर ब्लाउज अंगाला बसले असते का?"

आता यातली गंमत बघा. अंतरात चूक बरोबर अर्ध्या इंचाची, म्हणजे चेनमध्ये पूर्ण एक इंचाची, म्हणजे नेमकी एक जोडी. त्यामुळे अठरा दाते बरोबरच निघाले, फक्त कड्या दोन जास्त झाल्या. बँकेतली पुष्कळ वर्षं मी ज्युनिअर मंडळींना सांगत आलो, की चिल्लरची चूक लगेच ओरडते, पूर्ण आकड्याची चूक ताळ्यात लपून बसते. ते इतकं मन लावून ऐकायचे!

नानांकडे परत. त्यांनी पोलादी पट्टीनं मोजलं: ४२५ मिलिमीटर. दोन कड्या कमी केल्या, उरल्या ब्याण्णव. आता चेन चढेना. एक्सल खाचेच्या तोंडाशी येऊन अडायचा. हिशेब केला तर चेनला फक्त एक मिलिमीटर कमी पडत होता. चाक अर्धा मिलिमीटर पुढे सरकलं असतं तर काम फत्ते. मी कानस मागितली. नाना म्हणाले, "साहेब, फ्रेम घासायची नाही. थांबा." भंगाराच्या डब्यातून त्यांनी थोडी वापरलेली चेन काढली, रॉकेलमध्ये धुतली, ब्याण्णव कड्या मोजून तोडली. टक्‌ करून चाक खाचेत बसलं. चेन सतारीच्या तारेइतकी नसली, तरी ताठ.

"नवी बसत नाही आणि जुनी कशी बसते?" मी विचारलं.

"जुनी वाढते ना."

चेनचं लोखंड काही ताणलं जात नाही. दर सांध्यात पिन आणि बुश एकमेकांना घासतात आणि केसाएवढी फट पडते. ब्याण्णव सांध्यांच्या फटी मिळून मिलिमीटर होतात. अर्धा टक्का झीज झाली, की या चेनची लांबी जवळजवळ सहा मिलिमीटरनं वाढते. हे गणित मला त्याच क्षणी पुढं न्यायला हवं होतं. पण माझं लक्ष सायकलीकडे होतं. काय दिसत होती! खडखडाट नाही, केबलींचं जंजाळ नाही. घरी जाताना तिचा आवाजच येत नव्हता. आवाज येत होता तो माझ्या गुडघ्यांचा, कारण ३२ ला १८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला जेमतेम पावणेचार मीटर. कर्वे रस्त्यावर मी पाय गरगरा फिरवत होतो आणि मागून पेपरवाल्याची काळी सायकल संथपणे मला ओलांडून गेली.

आणखी एक भानगड म्हणजे चेन एका ठिकाणी ताठ आणि अर्धा फेरा झाल्यावर सैल व्हायची. पुढचं दातेरी चाक दिसतं तितकं गोल नसतं. मॅसॅच्युसेट्सचे मेकॅनिक शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) यांनी त्यावर इलाज सांगितलाय: चाकाचे बोल्ट किंचित सैल करा, चेन जिथे सर्वांत ताठ तिथे हलकेच ठोका, चाक आपोआप मध्यावर येतं. मी हातोडी घेऊन बसलो. बोल्ट शोधले. माझ्या सायकलीची पुढची दातेरी चाकं रिव्हेट मारलेली होती.

पुण्याच्या धुळीनं मग आपलं काम केलं. चेन दिसामाशी वाढत गेली आणि खाच तिथेच राहिली. अलका चौकात संध्याकाळी सिग्नल सुटला, मी पायडलवर उभा राहून जोर दिला आणि पायाखालचं पायडल एकदम हलकं झालं. चेन निघाली होती. पाय हवेत, सायकल डावीकडे, मी तिच्याखाली. मागच्या रिक्षावाल्यानं ब्रेक मारून विचारलं, "काका, लागलं का?" आणि शेजारच्या गृहस्थांनी, "या वयात गिअरची घ्यायची हो, सोपी पडते," असा सल्ला दिला. पुण्यात पडलेल्या माणसाला आधी सल्ला मिळतो, मग हात.

काळे हात घेऊन नानांच्या दुकानी पोचलो, तेव्हा ते एका दूधवाल्याची सायकल बघत होते. तिचीही चेन सैल झालेली. नानांनी मागचे दोन्ही नट ढिले केले. चाक हातानं मागे ओढलं, उजवा नट आवळला, मग चाक दोन दांड्यांच्या बरोबर मधे येईस्तोवर डावी बाजू सरकवली आणि डावा नट आवळला. चेनच्या मध्यावर बोट ठेवून वरखाली केलं. अर्धा इंच हालली. पायडल पूर्ण फिरवून कुठं आवळत तर नाही ना, तेही पाहिलं. दूधवाल्यानं सुपारी संपवायच्या आत काम झालं. मी वाकून खाच पाहिली. आडवी, लांबलचक, मागच्या बाजूला उघडी. चेन वाढणारच, हे धरूनच त्या फ्रेममध्ये जागा सोडलेली होती. वडिलांच्या सायकलीतही ती होती. दर आठवड्याला मीच ती सायकल फडक्यानं पुसत असे, घरचा मजूर म्हणून.

नानांनी मला टेन्शनर लावून दिला. दहा मिनिटं लागली. मुलीला फोटो पाठवला. तिनं विचारलं, "बाबा, गिअर काढले म्हणता, मग खाली ते काय लोंबतंय?"

ज्यांना गिअर काढायचे आहेत त्यांनी सूत्र, टेप, चेन यांतलं काहीही हातात घेण्याआधी मागच्या चाकाजवळ वाकून खाच बघावी. आडवी असेल तर कामाला लागा. चेन अर्धा इंच हालेल एवढी सैल ठेवा, सतारीसारखी ताणू नका, नाहीतर बेअरिंग जातील. उभी असेल तर एक्सेन्ट्रिक हब मिळतात, त्यांत एक्सल मध्याबाहेर असतो आणि हब फिरवून चेन ताणता येते. पण त्या किमतीत माझ्या मुलीची सायकल परत विकत मिळाली असती. तेव्हा उभ्या खाचेला मुकाट्यानं टेन्शनर लावावा. जादूचा गिअर चेन नवी असेपर्यंतच चालतो, आणि चेन पहिल्या दिवसापासून जुनी होत असते.