जगात जर्मनी, कुकरात परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्या जिल्ह्यातलं पोरगं बोलायला लागल्यापासून म्हणतं. तेव्हा जर्मनीत जे होतं ते परभणी जिल्ह्यात झालंच पाहिजे, ही आमच्यावर पडलेली जबाबदारी आहे. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ब्लॅक फॉरेस्ट नावाचं डोंगराळ जंगल आहे आणि त्याच्या नावाचा केक मानवतला आमच्या लेकीला वाढदिवसाला हवा असतो. शिवाय ॲल्युमिनिअमच्या भांड्याला आमच्याकडं ‘जर्मनचं भांडं’ म्हणतात; जुनी माणसं ‘जर्मल’ म्हणतात. म्हणजे केक जर्मनीचा, डबा जर्मनचा, करणारा तेवढा मानवतचा. एवढी पूर्वतयारी झालेली असताना ओव्हन कशाला हवा?

सदर मार्गदर्शन ज्यांच्या घरी ओव्हन नाही, कुकर आहे आणि सत्तरी ओलांडलेली माळकरी आई आहे अशांसाठी आहे. माझा अधिकार विचाराल, तर २०२० च्या टाळेबंदीत अख्ख्या महाराष्ट्राला केक यायला लागला तेव्हा मलाही आला. तेव्हापासून अकरा केले. त्यातले सहा डब्यातून निघाले.

कुकर रोजचा घेऊ नये. कोरडा कुकर तापवू नका असं त्याच्यासोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, म्हणून जाणकार लोक या कामाला एखादा बाद झालेला जुना कुकर राखून ठेवतात. आमच्याकडं तसा एक होता. तो बायकोनं मोडीत घातला आणि वर थोडे पैसे टाकून बदामाच्या आकाराचं केकचं भांडं आणलं. आता उरलेल्या रोजच्या कुकरात ते मावत नाही. सध्या ते माळ्यावर पितळी बंबाच्या शेजारी ठेवलेलं आहे आणि पाहुणे आले की खाली काढून दाखवलं जातं. यावरून नियम असा, की स्वयंपाकघरातली नवलाई बाजारातून आणायची नसते. ती माळ्यावर असतेच, वर चढायला माणूस लागतो.

कुकराच्या तळाला वाळू पसरावी लागते, अर्धा-पाऊण इंच. पुण्यामुंबईच्या बायका हे वाक्य सहज बोलून जातात. गोदाकाठच्या जिल्ह्यात वाळू ही सहज बोलायची गोष्ट नाही. तिला लिलाव असतो, पावती असते, रात्रीचं पथक असतं. तेवढ्याशा वाळूसाठी एवढं करू नये. गल्लीत ज्याचं बांधकाम चालू आहे त्याच्याशी आठ दिवस आधीपासून जाताना-येताना बोलावं, स्लॅब कधी टाकता विचारावं आणि नवव्या दिवशी वाटी घेऊन जावं. वाळू चाळून, धुऊन, कडक वाळवून घ्यावी. ज्यांना इतकी सलगी जमत नाही त्यांनी खडेमीठ पसरावं. काम तेच होतं. त्यावर एक रिंग किंवा पालथी वाटी, तिच्यावर डबा. झाकणाचं रबर आणि शिट्टी काढून ठेवावी. कुठं ठेवली ते लक्षात ठेवावं. या वाक्याकडं पुन्हा यायचंय.

आता साहित्य. माय माळकरी, त्यामुळे घरात अंडं येत नाही. दीड वाटी मैद्यातले तीन चमचे काढून तिथं कोको घालायचा, पाऊण वाटी साखर, एक वाटी दही, अर्धी वाटी बिनवासाचं तेल, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा. दह्यातलं आंबट आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात आणि अंड्याचं काम ते करतात. हे बुडबुडे थांबत नाहीत. मिश्रण कालवून झाल्यावर ‘जरा फोन घेतो’ म्हणणाऱ्यांचा केक भाकरीएवढा होतो. आणि दह्याचं मिश्रण जर्मनच्या भांड्यात भिजवू नये, आंबट त्या धातूला खातं. भिजवायला स्टीलचं पातेलं, भाजायला जर्मनचा डबा.

तेलाऐवजी कुणाला लोणी घालायचं असेल तर दोन धोके आहेत. पुस्तकं सांगतात, ‘बटर खोलीच्या तापमानाला आणावे.’ कुणाच्या खोलीच्या? मानवतला मे महिन्यात खोलीत बेचाळीस असतं. त्या तापमानाला बटर येत नाही, जातं. दुसरा धोका शब्दाचा आहे. पहिल्या केकच्या वेळी मी पुतण्याला चिठ्ठी देऊन पाठवलं: ‘बटर, शंभर ग्रॅम.’ तो बेकरीतून चहात बुडवून खायचे कडक, जिऱ्याचे बटर घेऊन आला. गावात बटर म्हणतात ते हेच. खारी, टोस्ट, बटर. चूक चिठ्ठीची होती. ते आम्ही चहासोबत संपवले आणि केक दुसऱ्या दिवशी केला.

ब्लॅक फॉरेस्टला चेरी लागते. किराणा दुकानात लालभडक चेरी मिळते, ती बहुतेक वेळा रंगवून साखरेत मुरवलेलं करवंद असतं. टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. जर्मन जंगलातलं फळ आपल्या बालाघाटच्या जाळीतून येतं याचा ज्याला आनंद होत नाही, त्यानं केकच्या भानगडीत पडू नये.

फेटण्याबद्दल मात्र आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. आमची पिढी भाजणं शिकली ती दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, बेकरीच्या भट्टीवर. नानकटाई मूळ सुरतेची म्हणतात; आमच्यापर्यंत ती डालडाच्या पिवळ्या डब्याच्या हातानं आली. माय परातीत डालडा घ्यायची आणि तळहातानं फेसत बसायची. गोल, एकाच दिशेनं, पांढरं शुभ्र होईपर्यंत. झालं की नाही हे तोंडानं ठरत नव्हतं. वाटीत पाणी घेऊन त्यात बोटावरचा ठिपका सोडायचा. बुडाला तर हात पुन्हा परातीत, तरंगला तर पिठीसाखर आण. मैदा, रवा, वेलदोडा सगळं घरून बांधून न्यायचं आणि गोळे भट्टीवर बसून वळायचे. बेकरीवाल्याचे काळे पत्रे, लांब दांड्याचं फावडं, लाकडाचा धग मारणारा जाळ, आणि रांगेत बसलेल्या निम्म्या गावाच्या बाया. सगळ्यांची नानकटाई सारखीच गोल, सारखीच पांढरी. म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. आमची तीन चारोळ्या, शेजारच्यांची बदामाचा काप, पलीकडच्या आळीतल्या एका घराची नुसताच अंगठ्याचा ठसा, कारण ते घर हिशेबी होतं. पत्रा आत जाताना आणि बाहेर येताना डोळ्यात तेल घालून बसायचं काम पोरांचं. एका दिवाळीला मी झोपलो आणि डब्यात अंगठ्यांची नानकटाई घरी आली. मायनं दिवाळीभर पाहुण्यांपुढं ती ठेवताना अंगठा खाली केला.

तर केकचं मिश्रण फेटताना एकाच दिशेनं फेटावं आणि झोपू नये.

त्याही आधीचं भाजणं बघायचं तर चंपाषष्ठीला बघावं. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. जाडसर कणकेचा गोळा गोवऱ्यांच्या आरात पुरायचा, वरून राख लोटायची, करपला की काढायचा, झटकायचा, फोडायचा आणि तुपात बुडवायचा. बाहेर कोळसा, आत लुसलुशीत. हॉटेलात याचे साडेतीनशे घेतील. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडात भवानीआईला रोडगा बोलला आहे आणि त्यातल्या सुनेनं त्या एका रोडग्यात सासरच्या एकेका माणसाला वाटेला लावायचं मागणं घातलं आहे. वाढदिवसाला मेणबत्तीवर फुंकर मारताना मनात काहीतरी मागतात म्हणे. आमच्याकडं ते सोळाव्या शतकातच उघड मागून झालंय.

आणि मानवतला केक हा मालही नवा नाही. ही कापसाची पेठ. जिनिंगमध्ये रुई एकीकडं होते, सरकी एकीकडं. सरकीतून तेल निघतं आणि मागं राहते ती पेंड. वायदेबाजारात या पेंडेचं नाव ‘कॉटनसीड ऑइलकेक’ असं आहे. म्हणजे इथल्या म्हशी रोज सकाळ-संध्याकाळ केक खातात आणि कुणी टाळ्या वाजवत नाही.

मधे मला ज्वारीचा केक करायची हुक्की आली. जिल्ह्याचा अभिमान. परभणीच्या कृषी विद्यापीठानं आणि इक्रिसॅटनं मिळून २०१८ साली ‘परभणी शक्ती’ नावाचं ज्वारीचं वाण दिलं, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. ज्वारीत ग्लुटेन नसतं, ही शहरातल्या लोकांना हल्ली पैसे देऊन घ्यायची गोष्ट झालीय. पण केक धरून ठेवतं ते ग्लुटेनच. माझा केक डब्यातून काढताना वाळूसारखा सांडला, आणि खालची वाळू कुठली, वरचा केक कुठला हे काही काळ सांगता येईना. मायनं चिमूट उचलून बोटांत चोळली.

“विरी गेलीय पिठाची. किती दिसाचं हाय?”

“महिनाभर झाला असंल.”

“मंग आधण घालायचं होतं. भाकर कधी थापली न्हाईस, केक कामून करायलास?”

याला पाककृतीच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. जुन्या पिठात चिकटपणा राहत नाही, उकळतं पाणी घातलं की ते पुन्हा धरतं. ही विद्या काठवटीशी बसून येते. मी तेव्हा भट्टीवर चारोळ्या मोजत होतो.

आता प्रत्यक्ष भाजणं. कुकर दहा मिनिटं मोठ्या आचेवर तापवा, तेल लावून मैदा भुरभुरलेल्या डब्यात मिश्रण ओता, डबा आत ठेवा, आच बारीक करा आणि पाऊण तास गप्प बसा. या पाऊण तासात स्वयंपाकघर अडकलेलं असतं, म्हणून सकाळी मुरमुऱ्याचा सुशीला करून सगळ्यांची पोटं भरून ठेवावीत. भिजवून पिळलेले मुरमुरे, फोडणी, दाण्याचं कूट, दहा मिनिटांचं काम. उपाशी माणूस कुकराचं झाकण उघडून बघतो आणि झाकण लवकर उघडलं की मधला भाग खाली बसतो. लाइट गेली तरी फिकीर नाही. ओव्हनवाल्यांना ही सोय नाही.

खरा धोका लाइटीचा नसतो, शिट्टीचा असतो. न वाजणाऱ्या कुकरावर आमच्या घरात कुणाचाच विश्वास नाही. लेकीच्या वाढदिवसाला मी केक लावून दारात खुर्ची टाकून बसलो. वीस मिनिटांनी आतून आवाज आला, “बाबा, शिट्टी घालायची इसरलास की रं!” मी आत जाईपर्यंत मायनं खिडकीत ठेवलेली शिट्टी बसवली होती. रबर नसल्यामुळे वाफ कडेनं निघून जात होती, म्हणून बरं. तरी शिट्टी काढायला झाकण हलवलं गेलंच आणि केक मधोमध बसला, उन्हाळ्यातल्या पाझर तलावासारखा.

शिजला का हे बघायला पुस्तकात दातकोरणं टोचायला सांगतात. आमच्या डब्याच्या खोलीला ते पुरत नाही. घरात पोती शिवायचं दाभण असतं, ते स्वच्छ धुऊन टोचावं. दाभणाला ओलं पीठ लागलं नाही तर झालं. सुतळीचा धागा लागला तर धुणं कमी पडलं.

सजावटीसाठी मी माळ्यावरून पितळी सोऱ्या काढला. त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, ‘मामांकडून सप्रेम भेट, दि. ४-५-७१’. मायच्या लग्नातला. चांदणीची चकती घालून त्यात फेटलेली साय भरली. केकवर फुलं पडायला हवी होती. पण सोऱ्याला पन्नास वर्षं एकच काम माहीत. त्यानं पहिल्या झटक्यात तीन वेढ्यांची चकली पाडली. दुसरीही. मधला खड्डा चकल्यांनी भरून गेला ही त्यातली सोय. वर लाल करवंदं ठेवली. लेकीनं फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवताना खाली ‘जर्मन पद्धत’ असं लिहिलं.

मेणबत्ती लागली, फुंकर झाली. मायनं आपला तुकडा वाटीत घेतला, त्यावर दूध ओतलं आणि भाकरी कुस्करतात तसा कुस्करला. शेवटपर्यंत खाल्ला. “ग्वाड हाय,” एवढंच म्हणाली. वाटी धुतली. मग कुकरातली वाळू अंगणात ओतली, कुकर राखेनं घासला, रबर शोधून बसवलं, खाली तुरीची डाळ, वर तांदूळ लावले आणि खिडकीतली शिट्टी घातली. दहा-बारा मिनिटांत पहिली झाली. मग दुसरी. तिसरीला शेजारघरातला टीव्हीचा आवाज बुडाला.

“हां,” माय म्हणाली, “आता शिजलं. ताटं घ्या.”