सळयांच्या गावात दोन सळया

जालन्यात सळई शोधत फिरणं म्हणजे नाशकात द्राक्षांची चौकशी करणं. इथल्या एमआयडीसीत भंगार वितळतं, रोलिंग मिलमधून लालबुंद सळई सळसळत बाहेर येते आणि कुठल्या कुठल्या गावच्या स्लॅबात जाऊन बसते. तरीही प्रस्तुत लेखक दोन सळयांसाठी तीन आठवडे वणवण हिंडला.

कारण त्याची जुनी पिकअप. मागे मोसंबी भरली की नाक जरा वर यायचं, रिकामी असली की लाजल्यासारखी खाली बघत चालायची. अंबड चौफुलीजवळच्या मिस्त्रीनं खाली वाकून निदान केलं, "सर, टॉर्शन बसलं."

"टेन्शन मलाही आलंय."

"टेन्शन नाही सर, टॉर्शन!"

मोठ्या ट्रकला कमानपाटे असतात. या गाडीला पुढच्या दोन्ही बाजूंना एकेक सरळ पोलादी दांडा. एक टोक चासीत घट्ट, दुसरं चाकाच्या आर्ममध्ये. खड्ड्यात चाक उसळलं की दांडा पिळला जातो आणि उलगडताना चाकाला पुन्हा खाली दाबतो. पोर्शेनं 1931 मध्ये याचं पेटंट घेतलं. आपली अँबॅसिडर याच दांड्यांवर डुलायची आणि टी-72 रणगाडाही यांच्यावरच चालतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं सुंभ शाबूत होता, पीळ गेला होता.

मिस्त्रीनं आधी बोल्ट आवळून नाक वर केलं. यानं उंची वाढते, ताकद नाही. फोटोपुरतं पोट आत ओढण्यातला प्रकार. पंधरा दिवसांत पोट बाहेर.

शेजारचे काका धावून आले. "दोनच सळया ना? माझ्या स्लॅबच्या उरल्यात, ने!" स्लॅबच्या सळईत कार्बन 0.3 टक्क्यांच्या आत. ती वाकली की वाकलेलीच राहते, आणि घराला तेच हवं असतं. स्प्रिंगच्या पोलादात कार्बन 0.5 टक्क्यांच्या पुढे, वर पाणी दिलेलं. "मग जाड टाक!" काका हार मानेनात. दांडा दहा टक्के जाड केला तर तो 46 टक्के कडक होतो, हे गणित मांडल्यावर काका चहा प्यायला निघून गेले.

दांडे अखेर छत्रपती संभाजीनगरात सापडले. दिसायला जुळे, पण टोकावर डावा-उजवा कोरलेलं. प्रत्येकाला आधीच एका दिशेनं पीळ दिलेला असतो, अदलाबदल केली तर लवकर तुटतो. मिस्त्रीनं गाडी घोडीवर चढवली, जुन्या जागेवर खडूनं खूण केली आणि बोल्ट जपून सैल केला. नव्या दांड्याला ओरखडाही उठू दिला नाही. तडा तिथूनच सुरू होतो म्हणे.

पहिल्या रात्री हेडलाइटनं रस्ता सोडून लिंबावरचे कावळे उठवले. दुसऱ्या दिवशी उंची उतरवली, अलाइनमेंट केलं.

जुने दांडे भंगारवाल्यानं तोलून नेले. ते एमआयडीसीच्या भट्टीत जाणार, हे ऐकून काका खूश झाले. दिवाळीनंतर त्यांना वरचा मजला चढवायचाय.