आम्ही बघत नाही, तपासतो

आमचे साडूभाऊ टीव्ही बघत नाहीत. हे ते स्वतःच सांगतात आणि कोणी विचारलेलं नसताना सांगतात. लग्नाच्या पंगतीत सांगतात, मुंजीत सांगतात, एकदा तेराव्याच्या जेवणात सांगून झालं आहे. "आम्हाला कुठला वेळ हो!" या वाक्याने सुरुवात होते आणि समोरच्याच्या ताटातली जिलबी संपेपर्यंत ते चालू राहतं.

वेळ नाही हे मात्र खरं. साडूभाऊ सीए आहेत, ठाण्याला नौपाड्यात त्यांचं ऑफिस आहे. सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीचं एक रिटर्न, विसाला दुसरं. वर्षातल्या चार पंधरा तारखा अॅडव्हान्स टॅक्सच्या. जुलै गेला की सप्टेंबरचं ऑडिट. अशा माणसाने मालिका बघायच्या तरी कधी?

रात्री साडेआठला. सोफ्यावर माई, म्हणजे साडूभाऊंच्या आई. शेजारी ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आणि सोफ्याच्या मागे, हातात कुणाची तरी फाइल धरून, साडूभाऊ उभे. काही घरांत उपवासाच्या दिवशी ओट्याशी उभ्याने चाखलेलं खाण्यात धरत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. एक भाग संपतो, दुसऱ्या मालिकेचा सुरू होतो, फाइल त्याच पानावर असते.

"काय साडूभाऊ, रंगात आलात!" असं मी एकदा म्हणालो तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मी बघत नाही. तपासतो."

आणि खरोखरच तपासतात. मालिकेचं नाव मी सांगत नाही, तुम्ही कुठलंही घाला, चालून जाईल. परवा तिच्यात सासरेबुवांनी घरातल्या गणपतीसमोर सुनेच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला आणि म्हणाले, "आजपासून या कंपनीची मालकीण तू!" माईंनी डोळ्यांना पदर लावला. ताईने टाळी वाजवली. मागून आवाज आला, "आधीच्या संचालकांचं काय? त्यांना काढायला विशेष नोटीस लागते, सभा लागते, ठराव लागतो. शेअर ट्रान्सफरचा फॉर्म कुठाय?"

"अहो, देवासमोर दिलंय," ताई म्हणाली.

"देव साक्षीदार म्हणून सही करणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी खलनायिकेने बंगला आपल्या नावावर करून घेतला. आजोबांना दुधातून काहीतरी दिलं, कोऱ्या कागदावर सही घेतली, की बंगला हिचा. साडूभाऊंची फाइलच गळून पडली. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र करायचं तर ते नोंदवावं लागतं, दोन साक्षीदार लागतात, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन फोटो काढावा लागतो, अंगठा द्यावा लागतो. "त्या ऑफिसातली रांग हिने बघितली असती तर दुधाचा नाद सोडला असता," ते म्हणाले. पुढे आलेला स्टॅम्पपेपर शंभराचा होता. महाराष्ट्रात २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बऱ्याच कामांसाठी शंभराचे पाचशे झाले, हे त्या बाईच्या कानावर आलेलंच नाही. इतकी कारस्थानी बाई आणि सरकारी अधिसूचना वाचत नाही, याचं साडूभाऊंना फार वाईट वाटलं.

मृत्युपत्राचं वाचन असलं की घरात त्यांच्याशी कोणी बोलत नाही. मृत्युपत्र लागू होतं ते करणारा गेल्यावर. मालिकेत ते धडधाकट म्हातारा समोर चहा पीत असताना वाचतात आणि तेवढ्यावर दोन जावा घर सोडून जातात. बेपत्ता नवऱ्याचंही तसंच. कायद्याने सात वर्षं काही खबर नसली तरच माणूस मेला असं धरता येतं. इथे गाडी दरीत गेली की चौथ्या भागात भिंतीवर हार आणि चाळिसाव्या भागात तोच इसम दाढी वाढवून दारात. "मधल्या काळातलं त्याचं रिटर्न कोणी भरलं?" हा प्रश्न आजवर एकाही लेखकाच्या डोक्यात आलेला नाही.

खरं दुखणं इथेच आहे. मराठी मालिकांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, इन्स्पेक्टर तर महिन्यातून एकदा बेड्या घेऊन येतोच. भटजी आहेत, वेडिंग प्लॅनर आहेत. सीए नाही. 'होणार सून मी ह्या घरची' मध्ये सहा सासवा होत्या, अख्खा गोखले गृहउद्योग होता. जान्हवीच्या लांबलेल्या बाळंतपणावर उभा महाराष्ट्र व्हॉट्सअॅपवर विनोद फिरवत होता, तेव्हा साडूभाऊ एकच विचारत होते, हा गृहउद्योग भागीदारी आहे की खासगी कंपनी? खासगी कंपनीला दोन संचालक पुरतात, मग उरलेल्या चार सासवा कुठल्या खात्यात? 'माझ्या नवऱ्याची बायको' मधली राधिका मसाले कुटता कुटता ३०० कोटींपर्यंत गेली, तेव्हा लोकांनी हसून घेतलं. साडूभाऊ हसले नाहीत. त्यांची तक्रार आकड्याबद्दल नव्हती. ३०० कोटींची उलाढाल आहे आणि ऑडिटर एकदाही दिसला नाही, ही होती. "गुरुनाथ आणि शनाया यांना रोज वेळ मिळतो. ऑडिटरला वर्षातून एकदा अर्धं मिनिट नाही?" आमची संस्था १ जुलै १९४९ ला स्थापन झाली, तेव्हापासून देशाचे हिशेब आम्ही तपासतो आणि मालिकेत आम्हाला चहाचा एक कप नाही, असं ते म्हणतात आणि स्वतःच आत जाऊन चहा टाकतात.

त्यातून कथा आमच्याकडे पडून आहेत, असंही त्यांचं म्हणणं. सासूने सुनेला मोबदला न घेता मालमत्ता दिली, तर तिच्यापासून येणारं उत्पन्न कायद्याने सासूच्याच उत्पन्नात मिळवतात. म्हणजे दुकान सुनेचं, भाडं सुनेच्या पर्समध्ये आणि त्यावरचा कर सासूच्या माथी. "याच्यापुढे तुमचं दुधातलं औषध काय आहे?" साडूभाऊ विचारतात. माईंनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून डोंबिवलीच्या गाळ्याचा विषय घरात निघालेला नाही.

तपासणीचं काम घरी आणलं की त्याचे परिणाम ऑफिसात निघतात. वायफायची रेंज हॉलमध्येच चांगली, म्हणून साडूभाऊ एका रात्री तिथूनच व्हिडिओ कॉलवर होते. पलीकडे दोन भाऊ होते, धंदा एकत्र करायला निघालेले. महिनाभर समजावल्यावर थोरला डिजिटल सही करायला तयार झाला होता. नेमक्या त्या क्षणी टीव्हीतून किंकाळी आली, "थांबा! सही करू नका! यात मोठा डाव आहे!" थोरल्याचा हात थांबला. त्याने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने खाली बघितलं. ते खाली बघणं महागात पडलं. दोघे भाऊ आता वेगवेगळ्या सीएंकडे जातात आणि त्यांपैकी एकही आमचे साडूभाऊ नाहीत.

दुसरा प्रसंग विसाव्या तारखेचा. बऱ्याच छोट्या क्लायंटांचे ओटीपी साडूभाऊंच्याच मोबाइलवर येतात. त्या रात्री पावणेबाराला मोबाइल माईंकडे होता, कारण उद्याचा भाग अॅपवर आजच दिसतो आणि ऐंशी पार केलेल्या माणसाने उद्यापर्यंत का थांबावं, असा त्यांचा बिनतोड मुद्दा आहे. पडद्यावर वरून सहा आकडे उतरले. माईंनी ते जाहिरात समजून बोटाने वर ढकलले. पुन्हा उतरले, पुन्हा ढकलले. बारा वाजून गेले. क्लायंटला एका दिवसाची लेट फी ५० रुपये लागली. साडूभाऊंनी ती आपल्या खिशातून भरली आणि खर्चाच्या खात्यावर नोंद केली, 'करमणूक'.

तिसऱ्यात मात्र फायदा झाला. टाइप करायला वेळ नाही म्हणून साडूभाऊ हल्ली मोबाइलला तोंडी मजकूर सांगतात. फी थकवून बसलेल्या एका कारखानदाराला नम्र स्मरणपत्र चाललं होतं. "माननीय महोदय, आपल्याकडील मागील दोन वर्षांचं येणं..." इतक्यात ताईने आवाज वाढवला आणि मोबाइलने प्रामाणिकपणे पुढचं लिहिलं, "आता तुझी या घरातली सगळी नाती संपली, पण माझा सूड अजून संपलेला नाही. कळावे." आर्टिकलशिपच्या पोराने ते जसंच्या तसं पाठवलं. सकाळी साडेदहाला कारखानदार स्वतः हजर. दोन वर्षांची सगळी फी दिली, वर पेढे दिले आणि जिना उतरताना दोनदा मागे वळून बघितलं. आता इतर थकबाकीदारांनाही साडेआठच्या सुमारासच पत्रं लिहावीत का, यावर साडूभाऊ गंभीरपणे विचार करताहेत.

कामाचा वेळ वाया जातो, हा आरोप त्यांना मान्य नाही. केबलच्या नियमांनुसार तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवायच्या नाहीत. साडूभाऊंची त्याविरुद्ध तक्रार आहे. १२ मिनिटांत त्यांचं एक रिटर्न जेमतेम होतं. मर्यादा वाढवली तर देशाचा महसूल वाढेल, असं ते म्हणतात.

माई यावर हसतात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हापासूनच्या त्या प्रेक्षक. चिमणराव आणि गुंड्याभाऊ त्यांनी शेजारच्यांच्या खोलीत, सतरंजीवर बसून पाहिले आहेत. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी सगळी चाळ एका खोलीत गोळा व्हायची. फक्त साडूभाऊ गच्चीत कॉस्टिंगचं पुस्तक घेऊन. सीए झाले, पण रावण कसा मेला हे त्यांनी पाहिलंच नाही. तो योग थेट २०२० मध्ये आला. मार्चअखेर लॉकडाऊन लागला, सरकारने ३१ मार्चच्या मुदती ३० जूनपर्यंत पुढे ढकलल्या आणि २८ मार्चला दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा लावलं. तेहतीस वर्षांची थकबाकी साडूभाऊंनी रोज दोन भागांच्या हप्त्याने फेडली. मालिका आवडली. एकच शेरा मारला, "भरताने पादुका ठेवून चौदा वर्षं कारभार पाहिला, त्याचा हिशेब रामाने मागितला नाही. दोघांचंही कौतुक आहे."

मालिका लांबवतात म्हणून लोक ओरडतात, तेव्हाही साडूभाऊ गप्प असतात. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग झाले. चार दिवसांची मुदत इतकी वाढवून मिळते, याचं त्यांच्या व्यवसायात कोणाला नवल वाटत नाही. २०२५ मध्ये वैयक्तिक रिटर्नची ३१ जुलैची तारीख आधी १५ सप्टेंबर झाली आणि मग आणखी एका दिवसाने वाढून १६ सप्टेंबर. हा तर सरळ महाएपिसोड. १९६१ चा आयकर कायदाही साठावर वर्षं चालला, दर फेब्रुवारीत त्याला नवं वळण आलं. २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. कलमांचे आकडे बदलले, कलाकार बदलले. कर भरायचा ही मूळ कथा कायम आहे.

आणि मग गेल्या महिन्यात तो आला. साडेआठच्या मालिकेत, बंगल्याच्या दारात, चष्मा लावलेला, काखेत फाइल. सासरेबुवा म्हणाले, "हे आपले नवे सीए." साडूभाऊंनी त्या दिवशी ताईला शिरा करायला सांगितला. सगळ्या ठाण्यातल्या सीएंच्या ग्रुपवर संदेश गेला. दुसऱ्या दिवशी कुणाकुणाकडून नारळाचे इमोजी आले.

चौथ्या भागात त्या सीएने खोटा ताळेबंद करून कंपनी खलनायिकेच्या घशात घातली.

त्या रात्री जेवण झालं नाही. वाहिनीला चार पानी पत्र लिहिलं गेलं. मुद्दा 'अ' ते मुद्दा 'औ', व्यवसायाची बदनामी, आचारसंहिता, शिस्तभंगाची तरतूद, सगळं. पाठवणार एवढ्यात पुढच्या आठवड्याचा भाग लागला आणि त्यात उघड झालं, की तो सीए नव्हताच. खलनायिकेचा मावसभाऊ. सीए असल्याचं सोंग घेऊन आला होता.

साडूभाऊ पाच फूट उंच उडाले. "मी म्हटलं नव्हतं! ताळेबंदावर यूडीन नव्हता! अठरा आकडी क्रमांक असतो, २०१९ पासून सक्तीचा आहे! पहिल्याच दिवशी झूम करून बघितलं होतं मी!"

माईंनी रिमोटने आवाज कमी केला.

"मला तो दारात आला तेव्हाच कळलं," त्या म्हणाल्या. "त्याच्या तोंडावर कॅमेरा तीनदा गेला आणि मागे ढोल वाजला. चांगल्या माणसावर एकदाच जातो आणि बासरी वाजते. एवढ्या परीक्षा दिल्यास, हे शिकवत नाहीत का रे तुम्हाला?"