कबुतरे मोजण्याची शास्त्रोक्त पद्धत

फेब्रुवारीत शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस जगभर पक्षिगणना चालते. ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असे तिचे नाव. आपल्याकडे बॅकयार्ड नसते, ड्राय बाल्कनी असते; तेवढी पुरते. भारत यात २०१३ पासून आहे, तेव्हा ‘आधी इतरांना करू द्या’ ही सबब आता चालणार नाही.

पात्रता एकच : पंधरा मिनिटे एका जागी उभे राहता आले पाहिजे. दहाव्या मिनिटाला कुकरची शिट्टी होते, म्हणून गॅस आधी बंद करावा.

दुर्बीण असल्यास ती समोरच्या विंगकडे रोखू नये. पक्षी नेमका समोरच्या विंगमधल्या एसीवर बसतो, हे मान्य. अशा वेळी मोठ्याने ‘शिक्रा! शिक्रा!’ म्हणत राहावे. समोरच्या काकूंचा विश्वास बसेलच असे नाही, पण शिक्रा उडून जातो आणि प्रश्न मिटतो.

दिसला नाही तरी ऐकलेला, ओळखलेला पक्षी चालतो. तांबट पिंपळात ‘टुक टुक’ करत असतो; तो दिसेपर्यंत थांबायचे तर रजा टाकावी लागेल. मात्र काळी कोकिळा गाताना पाहिली, असे लिहू नये. काळा असतो तो नर आणि कुहूकुहू करतो तोही तोच. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची.

आता मुख्य विधी, कबुतर. ‘कबुतर काय लिहायचे?’ इथेच बहुतेकांचे शास्त्र आटोपते. लिहायचे. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी पाठवताना विचारतात : ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? ‘हो’ म्हणायचे तर कबुतर, कावळा, साळुंकी सगळे आले पाहिजेत. मग त्या यादीत चिमणी नसली, तर ती आढळलीच नाही असे धरता येते. लिहायचा कंटाळा केला असे नव्हे. नुसता खंड्या मिरवणाऱ्या यादीतून यातले काही कळत नाही. आणि आकडा लिहावा. ‘खूप’ हा आकडा नाही. थवा उडालाच तर दहा-दहाचे गट करून अंदाज बांधावा.

एवढ्यात तळमजल्यावरचे आजोबा ‘आता चिमण्या राहिल्यात कुठे?’ म्हणतील. वाद घालू नये. त्यांचे निम्मे बरोबर आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२० च्या अहवालात चिमणी देशभरात साधारण स्थिर आढळली, मोठ्या शहरांत मात्र घटताना दिसली. हे कळले ते लोकांनी यादीमागून यादी भरल्यामुळे, २० मार्चला, जागतिक चिमणी दिनी, चिमणीचे चित्र स्टेटसला ठेवल्यामुळे नव्हे. २०२३ च्या अहवालामागे तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी आहेत. त्यात भरभराट झालेल्यांमध्ये कोकीळ निघाला आणि कबुतरही. कबुतराचे तुम्हाला आधीच ठाऊक होते, बाल्कनीला जाळी तुम्हीच बसवलीत. पण जाळी पुरावा म्हणून धरत नाहीत.

कोथरूडमध्ये माळढोक नोंदवण्याचा मोह आवरावा. तपासणारे स्वयंसेवक अत्यंत सभ्य भाषेत फोटो मागतात.

शेवटची सूचना : कबुतरांचा आकडा सेक्रेटरींच्या कानावर जाऊ देऊ नये. वार्षिक सभेत तो जाळ्यांच्या ठरावाला जोडला जातो आणि मोजणाऱ्याची कमिटीवर बिनविरोध निवड होते.