आटेकाका

आटेकाकांना कुणाच्या घरी न्यायचंच झालं, तर झोपाळा नसलेलं घर बघावं. झोपाळा असला की चहा येईपर्यंत काका त्याच्याखाली मान वाकडी करून उभे. "हे बोल्ट कुणी बसवले?" यजमान कौतुकाने सुताराचं नाव सांगतात. "डोक्यावर ना आकडा, ना खूण. बसू नका यावर." वर्षानुवर्षं त्याच झोपाळ्यावर दुपारी लवंडणारी त्या घरातली आजी मुकाट्याने उतरते आणि काकांची पाठ वळली की परत बसते.

जत्रेतला आकाशपाळणा, मांडवाचे सांगाडे, मंगल कार्यालयातले पंखे, सगळ्यांची हीच तपासणी. पुतणीला स्थळ आलं. मुलगा चाकणला मोटारीच्या कारखान्यात. बाकीच्यांनी पगार विचारला, फ्लॅट विचारला. काकांनी विचारलं, "तुमच्याकडे हेडचे बोल्ट नुसते टॉर्कवर आवळतात, की वर अंशही मोजतात?" मुलगा म्हणाला, "मी एचआरला असतो." काकांनी पोह्यांची बशी जवळ ओढली. त्यानंतर लग्न लागेपर्यंत ते त्या मुलाशी एक शब्द बोलले नाहीत.

या सगळ्याचं मूळ पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली आहे. एमजी टीडी, १९५१ सालची, लाल, दोन माणसांची. सासऱ्यांची गाडी. सासऱ्यांनी हयातीत मुलगी दिली, गाडीची किल्ली दिली नाही. ते गेल्यावर मेव्हण्याला अंगण मोकळं हवं झालं, तेव्हा गाडी टेम्पोत चढून पुण्यात आली. बँकेतून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी इंजिन खोललं.

अवघड वाटतात ते भाग झटपट मिळाले. टीडी १९४९ ते १९५३ या काळात जवळजवळ तीस हजार निघाल्या, बहुतेक अमेरिकेला गेल्या, त्यामुळे पिस्टन, बेअरिंगं, व्हॉल्व्ह आजही बनतात आणि पैसे भरले की घरपोच येतात. इंजिन अडलं ते नट-बोल्टांवर. म्हणजे ज्यांना आपण वाण्याच्या सुट्ट्या पैशांइतकी किंमत देतो, त्यांच्यावर.

यामागे इतिहास आहे, आणि काका तो लिफ्टमध्येही सांगतात. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रकंपनीला धास्ती पडली, की जर्मन येऊन कारखाना घेणार. म्हणून तिने इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला, दुसरा कारखाना टाकला. यंत्रं फ्रेंच, मापं मिलिमीटरची. युद्ध संपल्यावर तोफा-बंदुका कोण घेणार? मग तिथे मॉरिसच्या मोटारींची इंजिनं व्हायला लागली, आणि १९२३ मध्ये विल्यम मॉरिसने कारखानाच विकत घेतला. यंत्रं बदलायची तर खर्च. पण इंग्लंडातल्या गॅरेजवाल्याच्या हातात पाने सगळे व्हिटवर्थचे. साहेबाने तोडगा काढला: आटे फ्रेंच मिलिमीटरचे, डोकी इंग्रजी इंचाची. एवढं करून कुणालाही काही सांगायचं नाही. काकांच्या गाडीचं १,२५० सीसीचं इंजिन त्याच खानदानातलं, आणि त्यात हे अर्धनारीनटेश्वर जागोजाग बसलेले.

बारकावा असा. काकांना बोल्ट हवा आठ एमएमचा, आटा एक मिलिमीटरचा. बोहरी आळीत आठ एमएम मागितला की सव्वाचा आटा हातात पडतो, कारण चालतो तोच. दुकानातला जुना माणूस असेल तर तो म्हणतो, "काका, अडीच सूत घालून बघा ना." अडीच सूत म्हणजे पाच-सोळांश इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. इंचाला चोवीस आट्यांचा हा बोल्ट काकांच्या भोकात हसत जातो. एक फेरा जातो, दीड जातो, आणि अडकतो. इथे शहाणा माणूस थांबतो. मेकॅनिक पान्याला पाइप लावतो. गेल्या सत्तर वर्षांत कुणीतरी या इंजिनाला असाच पाइप लावला होता, म्हणून दोन भोकांचे आटे गेलेलेच होते. त्या अज्ञात मेकॅनिकबद्दल काका जे बोलतात ते इथे छापता येणार नाही.

बरं, एकचा आटा मिळालाच, तरी डोकं चुकीचं. बाजारातल्या आठ एमएमला तेरा नंबरचा पाना लागतो. मूळ डोकं पाव इंची व्हिटवर्थचं, ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. फरक तुम्हाआम्हाला दिसत नाही. काकांना दिसतो, चष्मा काढूनसुद्धा.

बुधवारी आणि रविवारी काका जुन्या बाजारात, इतर दिवशी नाना पेठेत, महिन्याकाठी मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर. शर्टाच्या खिशात पिच गेज, पँटच्या खिशात व्हर्नियर. नाना पेठेतल्या एका दुकानात ते पायरी चढले की मालक आतल्या पोऱ्याला म्हणतो, "मी जेवायला गेलोय म्हणून सांग." सकाळी अकराला.

आणि तरी माझं मत असं, की माणूस बरोबर आहे. बोल्ट म्हणजे खिळा नव्हे. आवळला की तो ताणला जातो, आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांना धरून राहतात. पान्यावर आपण जो जोर लावतो त्यातला जेमतेम दहावा हिस्सा या ताणात उतरतो, बाकीचा घर्षणात जातो. आट्यांत कचरा असेल तर पाना म्हणणार आवळलं, आणि बोल्ट आत ढिलाच. कनेक्टिंग रॉडचा असा एक बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो, आणि ब्लॉक काही बोहरी आळीत मिळत नाही. डोक्यावरचं ८.८ म्हणजे तुटेपर्यंतची ताकद ८०० मेगापास्कल आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत ओढलं तरी परत मूळ लांबीवर येणार. शेजारी बनवणाऱ्याची खूण हवी. आकडा आहे आणि खूण नाही, तो बोल्ट काकांच्या लेखी अनौरस.

सोसायटीतल्या एका इंजिनियरने एकदा सुचवलं, "मग सरळ १२.९ लावा की, सगळ्यात भारी." काकांनी त्याला जिन्यात अर्धा तास उभा केला. इतक्या कडक पोलादावर विजेने जस्ताचा मुलामा चढवला, की हायड्रोजन आत शिरतो. बोल्ट आवळताना धड असतो, आणि मग कधीतरी, गाडी उभी असताना, रात्रीत, आपोआप तुटतो. इंजिनियर सॉफ्टवेअरचा होता. त्याने मान डोलावली आणि तेव्हापासून तो लिफ्टच वापरतो.

शेवटी स्टड करून घ्यायचे ठरले. भोसरीत एक वयस्क टर्नर आहे, हाताचा पक्का. त्याने विचारलं, "ईएन ८ चालेल?" काका म्हणाले, "ईएन २४." टर्नर म्हणाला, "बरं." काका म्हणाले, "आटे कापायचे नाहीत, रोल करायचे. कापले की पोलादाचे धागे तुटतात." टर्नरने लेथ बंद केला. "काका, इंजिन किती हॉर्सपॉवरचं?"

"चोपन्न."

"तुमच्या शेजाऱ्याच्या मारुतीला याहून जास्त आहे. शर्यतीला जायचंय का?"

काकांनी तह केला. आटे कापले गेले, पण तळाला गोलाई ठेवून, आणि काका तिथेच स्टुलावर बसून.

मुलामा दिल्यावर हायड्रोजन जावा म्हणून माल चार तासांच्या आत भट्टीत भाजायचा असतो. या स्टडांच्या कडकपणाला त्याची गरज नाही, असं टर्नर आणि मुलामेवाला दोघंही म्हणाले. काकांनी रिक्षा केली. घरी काकूंचा ओव्हन नानकटाईसाठी तापत होता. नानकटाई बाहेर आली, स्टड आत गेले, दोनशे अंशांवर, दुपारभर. काकू दर तासाने स्वयंपाकघरातून हाक मारत होत्या, "अहो, आतून झाले का बघा, सुई टोचून!"

काकूंचा राग बोल्टांवर नाही, डब्यांवर आहे. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, लोणच्याचे, घरातले सगळे रिकामे डबे काकांनी घेतलेत. प्रत्येकावर चिठ्ठी: "आठ-एक, लांब", "आठ-एक, आखूड", "संशयित", "ओळख पटली नाही". पाहुण्यांना श्रीखंड वाढताना काकू आधी डबा हलवून बघतात.

भाची नोकरीसाठी कॉव्हेंट्रीला गेली, तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईवडिलांना वाटलं विरहाने. तेव्हापासून जाताना तिच्या बॅगेत बाकरवडी, येताना बोल्ट. विमानतळावर एकदा बॅग उघडायला लावली. साहेबाने पुडी सोडली, एकेक बोल्ट तेलकट कागदात गुंडाळलेला. "हे काय?" ती म्हणाली, "मामाचे." आश्चर्य म्हणजे साहेबाला ते पटलं. तिने मामाला फोनवर सांगितलं, की तो जुना कारखाना आता विद्यापीठाची इमारत झालाय. काका म्हणाले, "आत जाऊन ये. जिन्याच्या कठड्याचे आटे कुठले ते बघ."

गेल्या हिवाळ्यात गाडी सुरू झाली. आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावरचं बाळ झोपलेलं उठलं नाही, उलट उठलेलं झोपलं. काका-काकू खडकवासल्याला गेले. चौपाटीवर गर्दी जमली. लोकांनी लाल रंगाचे फोटो काढले, मागे टांगलेल्या स्टेपनीचे काढले, गाडीला टेकून स्वतःचे काढले. बोल्टांचा एकानेही नाही. काकांचा चेहरा उतरला. मग त्यांनी एका बाजूचं बॉनेट उचललं आणि शेजारी हाताची घडी घालून उभे राहिले.

तीन पोरं मोटारसायकली लावून धावत आली. "काका, बंद पडली का? धक्का मारू?"

"बंद नाही पडली. दाखवायला उघडलंय."

दोघं कणसाच्या गाडीकडे वळली. तिसरा वाकून बघत राहिला. त्याच्या हाताला ग्रीस होतं, बहुधा येझदी खोललेला असावा. "काका, हे डोकं तेराचं वाटत नाही."

काकांचा हात शर्टाच्या खिशात गेला.

गाडीत बसलेल्या काकूंनी पदर सारखा केला, काच नसलेल्या दारातून मान बाहेर काढली आणि भज्यांची दुसरी प्लेट सांगितली.