खोडरबर

भाऊकाकांच्या लेखी दुकानात जाऊन नवी वस्तू आणणं म्हणजे पराभव. मिक्सर बिघडो, रिमोट बिघडो, आधी नातवाच्या कंपासपेटीतलं खोडरबर बाहेर निघतं. कवळीलाही त्यांनी ते लावलं होतं असं काकू सांगतात. मी पाहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा कॉम्प्युटर सुरू होताना नुसताच पीं पीं करू लागला. काकांनी खोका उघडला, रॅमची पट्टी उपसली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं, फुंकर मारली आणि दोन्हीकडचे खटके बसेपर्यंत ती दाबली. चालू! तासाभरात पडदा गोठला.

"नवीन घ्या," मी म्हणालो. चूकच झाली.

"भाव काय झालाय माहितीय? सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, तिघेही माल डेटा सेंटरांकडे वळवतायत. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५मध्ये 'क्रुशल' हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करतोय म्हणून सांगून टाकलं. कुणीतरी एआयला मांजराचं चित्र काढायला सांगतो आणि भुर्दंड कुणाला? सदाशिव पेठेला!"

रात्री त्यांनी पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे खुर्चीत बसून राहिले. पहाटे पडद्यावर लाल ओळी उमटल्या. चुका सगळ्या एकाच कोपऱ्यात होत्या. काका इतके खूश झाले की काकूंना उठवून दाखवल्या. काकूंनी पाहिल्या आणि कूस बदलली.

मग लिनक्स सुरू होण्याआधीच्या ओळीत त्यांनी एक सूचना घातली: या पत्त्यापासून ६४ एमबी वापरायची नाही. ८ जीबीतला १२८वा हिस्सा.

"आमच्या वाड्यात माडीवरची एक खोली गळायची. आजोबांनी कुलूप ठोकलं आणि चाळीस वर्षं राहिले. एका खोलीसाठी वाडा पाडतात का?"

(तो वाडा पुढे पडला. पण हे मी बोललो नाही.)

काकांचा कॉम्प्युटर तेव्हापासून ठणठणीत आहे. दुकानात मात्र ते रोज जातात, भाव विचारतात, वाढला असेल तर प्रसन्न मुद्रेनं परततात. कपाटात त्यांच्याकडे आणखी एक धडधाकट पट्टी आहे, काकूंच्या पाटल्यांशेजारी.

परवा माझाच कॉम्प्युटर पीं पीं करू लागला. मी आडून आडून त्या पट्टीचा विषय काढला. काका लगबगीनं आत गेले, कपाटाचा आवाज आला, मी हात पुढे केला.

तळहातावर खोडरबर.

"संध्याकाळपर्यंत परत आण."